दिग्दर्शकानुसार सिनेमे जमवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी पहिल्यांदा आलेला माणूस बाहेरच्या खोलीतल्या कपाटासमोर थांबतो, मान वाकडी करून सिनेमांच्या डिस्कच्या डब्यांच्या पाठी वाचतो आणि ठरलेले प्रश्न विचारायला लागतो. पंचवीसेक वर्षं तेच प्रश्न ऐकून माझी उत्तरंही पाठ झाली आहेत. ती इथे एकदाची लिहून टाकतो. क्रम काही लावलेला नाही.

हे सगळं हल्ली मोबाइलवर मिळतं. मग डबे कशाला?

सगळं मिळत नाही. जे मिळतं तेही करार संपला की एका रात्रीत गायब होतं आणि कोणी कळवतही नाही. पण माझं खरं कारण तिसरंच आहे. तिथे जो सिनेमा दिसतो तो नेमका कोणता, हे कुठे लिहिलेलं नसतं. कापलेला की पूर्ण, कडा छाटलेला की अख्खा, जुन्या प्रिंटवरून की निगेटिव्हवरून? एकाच नावाखाली चार वेगवेगळे सिनेमे फिरत असतात. डिस्कच्या मागच्या बाजूला निदान चार ओळी छापलेल्या असतात. त्या खोट्या असल्या तरी खोट्या आहेत हे सिद्ध करता येतं.

दिग्दर्शकच का? नटानुसार, संगीतकारानुसार का नाही?

तसंही जमवावं, हरकत नाही. माझी आत्या फक्त गाण्यांसाठी सिनेमे ठेवायची आणि गाणं संपलं की बंद करायची.

पण जब्बार पटेलांचे चार सिनेमे लागोपाठच्या चार संध्याकाळी बघा. ‘सामना’ १९७५, ‘जैत रे जैत’ १९७७, ‘सिंहासन’ १९७९, ‘उंबरठा’ १९८२. साखर कारखान्याच्या गावातून निघालेला माणूस ठाकरांच्या डोंगरावर जातो, तिथून मंत्रालयात आणि मंत्रालयातून महिला सुधारगृहात. सात वर्षांत एवढी फिरती! ‘सामना’मधला हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे सगळं गाव खिशात घातलेला माणूस. तेच निळू फुले चार वर्षांनी ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस नावाचे पत्रकार होऊन नुसते बघत राहतात. हे एकामागून एक पाहिलं की दिग्दर्शकाच्या डोक्यात मधल्या काळात काय चाललं असेल याचा अंदाज बांधता येतो. नटानुसार लावलं असतं तर ‘उंबरठा’ स्मिता पाटीलच्या रांगेत गेला असता, ‘सिंहासन’ निळूभाऊंच्या, आणि दोघांची गाठ पडली नसती.

सुरुवात कोणापासून करावी?

ज्याचे तीन सिनेमे तुम्ही कोणी न सांगता आपणहून पाहिलेत, त्याच्यापासून. यादीत पहिला आहे म्हणून स्वीडनचा बर्गमन घेऊ नका, तो प्लास्टिकच्या आवरणातच राहतो. आणि ज्याचे सिनेमे मोजके आहेत असा बघा. गुरुदत्त त्या दृष्टीने उत्तम. ‘बाज़ी’पासून ‘काग़ज़ के फूल’पर्यंत दिग्दर्शक म्हणून आठच सिनेमे, १९५१ ते १९५९. एका हाताच्या वितीत मावतात.

मग ‘साहिब बीबी और ग़ुलाम’ कुठे ठेवता?

हा प्रश्न विचारणारा माणूस मला लगेच आवडतो. श्रेयनामावलीत दिग्दर्शक अबरार अल्वी आहेत आणि फिल्मफेअरही त्यांनाच मिळालं. बघताना मात्र दर दहा मिनिटांनी गुरुदत्तचा हात दिसतो असं वाटत राहतं. माझ्याकडे ती डबी गुरुदत्तच्या आठ डब्यांवर आडवी ठेवलेली आहे. ना आत, ना बाहेर.

डबीच्या मागे काय वाचायचं?

या उत्तराला जरा वेळ लागेल.

जुन्या बाजारातून एका रविवारी ‘काग़ज़ के फूल’ची व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीची डिस्क) आणली, वीस रुपयांना. कव्हर छान, चेहरे छान. घरी लावली तर एका प्रसंगात दोन माणसं बोलतायत आणि पडद्यावर आहे डावीकडे एक नाक, उजवीकडे एक नाक आणि मधे खुर्ची. बराच वेळ मी त्या खुर्चीकडे बघत होतो. मग लक्षात आलं की हा सिनेमा सिनेमास्कोपमधला, भारतातला पहिला. त्याची चौकट २.३५ रुंद नि १ उंच. जुन्या टीव्हीची चौकट १.३३ ला १. टीव्ही काठोकाठ भरावा म्हणून दोन्ही बाजू छाटल्या होत्या. गणित करून बघा, चित्राचा जवळजवळ ४३ टक्के भाग गेला. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी स्टुडिओच्या अंधारात उतरवलेला तो प्रकाशाचा झोत, ज्यासाठी लोक हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघतात, तो या चौकटीत बोळातल्या दिव्यासारखा दिसत होता. गुरुदत्तने हा सिनेमा काढलेलाच नव्हता, तो कुठल्यातरी ऑपरेटरने काढला होता.

तेव्हापासून मागच्या कव्हरवर पहिलं बघतो ते चित्राचं प्रमाण: १.३३ किंवा १.३७, १.६६, १.८५, २.३५. हा आकडा मूळ सिनेमाशी जुळला पाहिजे. जुने, म्हणजे साधारण १९५३ च्या आधीचे सिनेमे मुळातच चौकोनी असतात. त्यांच्या बाजूला काळे पट्टे दिसले तर ते योग्यच. हे लोकांना पटत नाही. ‘टीव्ही एवढा मोठा घेतला आणि चित्र मधेच?’ असं म्हणून रिमोटने चित्र ताणतात. मग दामले-फत्तेलालांचे तुकाराम महाराज आडवे होतात.

दुसरं, लांबी. इथे एक गंमत आहे. युरोपात निघालेली एका जुन्या हिंदी सिनेमाची डीव्हीडी मला कोणीतरी आणून दिली. सिनेमा ठरल्यापेक्षा सहा मिनिटं आधी संपला. मी कापाकापीची ठिकाणं शोधत दोन रात्री घालवल्या, एकही सापडेना. शेवटी आत्याने उलगडा केला, तोही नकळत. ती पेटी काढून त्यातल्या गाण्याबरोबर वाजवायला बसली आणि वैतागून म्हणाली, ‘अरे, हे गाणं काळी चारमध्येही बसत नाही आणि पांढरी पाचमध्येही.’

कारण असं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४ चित्रं, या वेगाने चालतो. युरोपची जुनी टीव्ही पद्धत, पाल, चालते २५ ने. तेव्हा डीव्हीडी करताना सरळ सिनेमाच २५ ने पळवायचे. चार टक्के वेग वाढतो, शंभर मिनिटांचा सिनेमा शहाण्णव मिनिटांत संपतो आणि आवाज एका पट्टीपेक्षा थोडा कमी, पण चढतो. म्हणून गाणं दोन पट्ट्यांच्या मधे लटकत होतं. एकही चौकट कापलेली नव्हती. डीव्हीडीनंतर आलेली ब्लू-रे डिस्क मूळ २४ च्या वेगाने चालते, त्यामुळे हा घोळ तिथे सहसा नसतो.

तिसरं म्हणजे सबटायटल. ‘इंग्रजी सबटायटल’ लिहिलेलं असतं, पण गाणी सुरू झाली की ती गायब होतात. आपल्याला हिंदीत फरक पडत नाही. बंगाली, मल्याळम सिनेमात पडतो. तसंच कंपनीचं बोधचिन्ह अख्खा सिनेमाभर कोपऱ्यात चिकटलेलं असतं का, हे कव्हरवर कधीच लिहीत नाहीत. ते विकत घेऊनच कळतं.

रिजन म्हणजे काय भानगड?

डिस्क कुठल्या देशातल्या प्लेअरवर चालावी याचं कुलूप. डीव्हीडीत भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या, जपान आणि पश्चिम युरोप दुसऱ्या. ब्लू-रेला तीनच विभाग आहेत. ‘ए’मध्ये अमेरिका, जपान, कोरिया, ‘बी’मध्ये युरोप, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, ‘सी’मध्ये आपण, चीन आणि रशिया. व्हीसीडीला कुलूप नाही. ब्लू-रेच्या पुढच्या फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कलाही नाही.

आपल्याकडचे स्वस्त डीव्हीडी प्लेअर बहुतेक कुठलीही डिस्क गिळतात, किंवा रिमोटवर एक आकडा दाबला की गिळायला लागतात. ब्लू-रे प्लेअर तेवढा दिलदार नसतो. घेण्याआधी दुकानात परदेशी डिस्क लावून बघा, नुसतं ‘चलता है सर’ ऐकून घेऊ नका. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हला रिजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा जो असेल तो कायमचा. माझा एक ड्राइव्ह तसाच जपानी होऊन बसला आहे.

फोर-के घ्यावं का?

टीव्ही मोठा असेल आणि सिनेमा फिल्मवर चित्रित झालेला असेल तर हो. ३५ मिलिमीटर निगेटिव्हमध्ये डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. डीव्हीडीवर उभ्यात ५७६ किंवा ४८० ओळी, ब्लू-रेवर १०८०, फोर-केवर २१६०. मात्र प्लेअरची पंचाईत आहे. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं. डिस्क लावता येणारा प्लेस्टेशन ५ घरात मुलाने आणलेला असेल तर तोच वापरा, फोर-के डिस्क त्यावर चालते.

एक फसगत सांगून ठेवतो. अमेरिकेतल्या क्रायटेरियनसारख्या कंपनीच्या संचात फोर-के डिस्क मोकळी असते, पण सोबतची ब्लू-रे ‘ए’ विभागाची असते, आणि मुलाखती, माहितीपट वगैरे खाऊ सगळा त्या ब्लू-रेवर. म्हणजे सिनेमा दिसतो आणि त्याच्याबद्दलचं बोलणं कुलपात राहतं.

‘रिस्टोअर्ड’ लिहिलेलं म्हणजे चांगलंच ना?

बऱ्याचदा. सत्यजित राय यांची अपू त्रयी, म्हणजे अपू या एकाच नायकाचे तीन सिनेमे, घ्या. १९९२ मध्ये राय यांना मानद ऑस्कर द्यायचं ठरलं, तेव्हा समारंभात दाखवायला धड प्रिंट मिळेनात. त्यातून जतनाचं काम निघालं आणि निगेटिव्हं लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये गेली. १९९३ मध्ये त्या लॅबलाच आग लागली. जळकी, वेडीवाकडी झालेली, एकमेकांना चिकटलेली रिळं कोणी टाकून दिली नाहीत. ती अमेरिकेत ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहात वीस वर्षं पडून राहिली. नंतर इटलीत बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोवाता प्रयोगशाळेत माणसांनी हाताने, शब्दशः बोटांनी, ती सोडवली, छिद्रांच्या कडा दुरुस्त केल्या. सुमारे हजार तास नुसतं हे हातकाम. ‘पथेर पांचाली’चा जवळपास ४० टक्के भाग आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त भाग त्या जळक्या निगेटिव्हांमधून वाचला, उरलेला इतरत्र जपलेल्या प्रतींवरून घेतला. २०१५ मध्ये ब्लू-रे आली. माझ्याकडे त्याआधी ‘पथेर पांचाली’ची जी डिस्क होती तिच्यात दुर्गा आणि अपू काशफुलांतून आगगाडी बघायला धावतात तेव्हा काशफुलं म्हणजे नुसता पांढरा ढग. नव्या डिस्कवर तुरा न् तुरा वेगळा हलतो.

आता उलटी बाजू. हाँगकाँगच्या वाँग कार-वायने २०२० च्या सुमारास आपले सिनेमे स्वतः बसून नव्याने तयार केले. ‘इन द मूड फॉर लव्ह’च्या रंगांत हिरवट झाक आली, ‘फॉलन एंजल्स’ची तर चौकटच रुंद करून सिनेमास्कोप केली. हे काम परक्या ऑपरेटरचं नाही, खुद्द दिग्दर्शकाचं! मग खरा कोणता? थिएटरात लोकांनी पाहिला तो, की त्या माणसाला वीस वर्षांनी हवासा वाटला तो? मी दोन्ही ठेवले आहेत आणि बघताना हात जुन्याकडेच जातो. दिग्दर्शकाच्या नावाने जमवायचं आणि दिग्दर्शकाचंच ऐकायचं नाही, हा आमच्या धंद्यातला विरोधाभास. त्याला इलाज नाही. नवी प्रत आली म्हणून जुनी डिस्क विकू नका, एवढंच.

‘डायरेक्टर्स कट’ (दिग्दर्शकाने स्वतः कापून-जोडून केलेली आवृत्ती) घ्यावा की मूळ?

दोन्ही एका संचात मिळत असतील तर तो संच. ‘ब्लेड रनर’चा २००७ चा संच नमुनेदार: एकाच सिनेमाच्या पाच आवृत्त्या. पाचही बघाल असं नाही. मी तीन बघितल्यात.

मराठी दिग्दर्शकांचं काय? काही मिळतं का?

मिळत होतं, असं म्हणावं लागतं. मराठी सिनेमाची डीव्हीडी निघते ती बहुतेक एकदाच, संपली की पुन्हा छापत नाहीत. त्यामुळे मराठीत नियम उलटा आहे. चांगली प्रत येईल म्हणून थांबायचं नाही, दिसली की उचलायची. ‘दोघी’, ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘कासव’ अशी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांची रांग लावायला मला किती वर्षं लागतील याचा हिशेब मी सोडून दिला आहे. (कप्पा भावेंच्या नावाने की सुकथनकरांच्या, असंही विचारतात. दोघांच्या. दामले-फत्तेलालांना जसं तोडता येत नाही, तसंच.)

‘प्रभात’चं प्रकरण मात्र खास जमवण्यासारखं आहे. व्ही. शांतारामांनी तिथे तेच सिनेमे मराठीत आणि हिंदीत असे दोनदा केले. नंतर आवाज चढवलेले नव्हेत, दोन्ही भाषांत वेगवेगळे चित्रित केलेले. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, १९३७. ‘माणूस’ आणि ‘आदमी’, १९३९. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’, १९४१. अनेक जण यातला एक घेतात आणि दुसरा ‘तोच तर आहे’ म्हणून सोडतात.

तो तोच नाही. दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांची ती गोष्ट, एक हिंदू, एक मुसलमान. मराठीत जिवबा आहेत केशवराव दाते आणि मिर्झा आहेत गजानन जागीरदार. हिंदीत मिर्झा जागीरदारच, पण हिंदू ठाकूर झालेत मझहर खान. म्हणजे हिंदीत हिंदू नट मुसलमान झालाय आणि मुसलमान नट हिंदू. कशासाठी, हे वेगळं सांगायला नको. १९४१ साल आहे. हे दोन्ही सिनेमे शेजारी ठेवल्याशिवाय शांतारामांनी काय केलंय ते कळत नाही. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ही हिंदीत ‘सुबह’ म्हणून आहे, तोही शोधा.

माझ्याकडे ‘पडोसी’ पूर्ण आहे. ‘शेजारी’ची दोनपैकी पहिलीच डिस्क आहे. डबी दोन डिस्कची, आत एकच, हे घरी आल्यावर कळलं. गोष्टीत शेवटी धरण फुटतं, ते दुसऱ्या डिस्कवर. त्यामुळे आमच्या घरी धरण गेली अकरा वर्षं फक्त हिंदीतच फुटतं आहे.

जुन्या सिनेमांच्या तीन-तीन कंपन्यांच्या डिस्क का दिसतात?

आपल्या कायद्यात सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो. पुढे कोणीही छापू शकतो आणि ज्याच्या हाती जी प्रिंट लागते तो ती छापतो. लांबी बघून घ्या.

घरात शंभरभर व्हीसीडी आहेत. टाकून द्याव्यात का?

एकदम नका टाकू. २००७ च्या आसपास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली, तेव्हा लोकांनी भाजीसारखे सिनेमे घेतले. तोच सगळा माल आता जुन्या बाजारात परत आलाय. चित्राच्या दृष्टीने व्हीसीडी म्हणजे ३५२ गुणिले २८८ ठिपके, मोठ्या टीव्हीवर चेहऱ्यांच्या विटा दिसतात. जे सिनेमे पुढे चांगल्या रूपात आले त्यांच्या व्हीसीडी खुशाल द्या. पण मराठी सिनेमा असेल, नाटकाचं चित्रीकरण असेल, एखादा माहितीपट असेल, तर आधी खात्री करा. कित्येकदा ती विटांची प्रतच शेवटची असते.

हाताळताना एक फरक ध्यानात ठेवा. डीव्हीडीत माहितीचा थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मधे असतो. व्हीसीडीत तो वरच्या, चित्र छापलेल्या बाजूला, नुसत्या लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. आपण सगळे खालची चकचकीत बाजू जपतो आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने ‘काकूंची’ असं लिहितो. खालचा ओरखडा घासून निघतो, वरचा नाही. उजेडासमोर धरा, टाचणीएवढी भोकं दिसली तर तेवढा सिनेमा गेला.

मोठे बॉक्स सेट घ्यावेत का?

बर्गमनचा २०१८ चा संच आहे, ३९ सिनेमे, ३० ब्लू-रे. जपानच्या कुरोसावाचा २००९ चा डीव्हीडी संच २५ सिनेमांचा. दिसायला देखणे, उचलायला जड आणि खिशाला त्याहून जड. मी एकही घेतलेला नाही. मत्सर आहे, कबूल. पण एकेक जमवताना मधे जी वर्षं जातात, त्यात आपणही थोडे बदलतो आणि पुढचा सिनेमा वेगळ्या डोळ्यांनी बघतो. संच आला की एका महिन्यात उरकायची घाई होते, मग अकरावा आणि बारावा सिनेमा एकमेकांत मिसळतात. पोलंडच्या किस्लोवस्कीचा ‘डेकालॉग’ मात्र अपवाद. दहा भाग आहेत, ते एकत्रच हवेत. त्यातल्या पाचव्या आणि सहाव्या भागाचे वाढवलेले स्वतंत्र सिनेमेही आहेत, ते संचात आहेत ना बघा.

एखाद्या दिग्दर्शकाचा संग्रह ‘पूर्ण’ कधी होतो?

फाळक्यांचा कधीच होणार नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चाच, १९१३ चा, फक्त काही भाग शिल्लक आहे. बाबूराव पेंटरांची १९२५ ची मूक ‘सावकारी पाश’ बघायची तर कुठे बघणार? २००३ मध्ये पुण्यातच आग लागून नायट्रेट फिल्मची, म्हणजे जुन्या, पटकन पेट घेणाऱ्या फिल्मची, रिळं जळाली. राय यांचे छोटेमोठे धरून छत्तीस सिनेमे. त्यातला ‘सिक्कीम’ हा १९७१ चा माहितीपट २०१० पर्यंत बंदीत होता. तेव्हा ‘पूर्ण’ हा शब्द जपून वापरा.

न आवडणारे सिनेमेही घ्यायचे का?

घ्यायचे. तेच स्वस्त मिळतात.

परदेशातून डिस्क कशा मागवायच्या?

पुतणी, भाचा, जावई, जे असेल ते. आमच्या पिढीत प्रत्येक घरातून कोणीतरी न्यू जर्सीला गेलेलं आहेच. अमेरिकेत बार्न्स अँड नोबल या दुकानात क्रायटेरियनच्या डिस्क जुलै आणि नोव्हेंबरमध्ये अर्ध्या किमतीत लागतात. यादी जूनमध्ये पाठवा, दिवाळीला येणाऱ्याला ऑक्टोबरमध्ये पुन्हा आठवण करा. दहा डब्या किलो-सव्वाकिलोच्या आत बसतात. येताना त्यांच्याकडे लोणची-चकल्यांसाठी बॅग रिकामीच असते, जाताना नसते, हे गणित आपल्या बाजूचं आहे. ब्रिटनमध्ये कोणी असेल तर बीएफआय, सेकंड रन अशा कंपन्यांकडे आपले सिनेमे सापडतात. अडूर गोपालकृष्णन यांचा ‘एलिप्पतायम’ सेकंड रनने काढला आहे. बीएफआयच्या डिस्क बहुतेक दुसऱ्या विभागाच्या किंवा ‘बी’च्या असतात, वर लिहिलंय.

कुरिअरने मागवलं तर जकात लागते आणि ती वाहतूक खर्च धरून लावतात. एका डिस्कसाठी तो खटाटोप परवडत नाही. एकदा माझं पार्सल तीन आठवडे अडकून आलं, प्रत्येक डबी उघडून बघितलेली, आणि जपानी ओझूच्या डबीत बर्गमन ठेवलेला.

पुण्या-मुंबईत अजून कुठे मिळतात?

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस होतं, ते २०१६ मध्ये बंद झालं. तिथे काउंटरवरचा माणूस दिग्दर्शकाच्या नावाने डिस्क काढून द्यायचा. आता पुण्यात जुना बाजार, बुधवार आणि रविवार, सकाळी दहाच्या आत. रद्दीवाल्याला सांगून ठेवा. बंद पडणाऱ्या वाचनालयांवर लक्ष ठेवा, पुष्कळांनी मधे डिस्क ठेवल्या होत्या.

पायरेटेड चालते का?

नाही. नीतीचं सोडा, तिच्यात चौथ्या प्रसंगात एक डोकं पडद्यासमोरून जातं.

डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून ठेवू का?

बहुतेक डिस्कवर कुलूप असतं आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर हक्कभंगासाठी असं कुलूप तोडणं कायद्याने गुन्हा आहे. घरच्या लग्नाच्या डीव्हीडी मात्र आजच उतरवा. त्या घरी लिहिलेल्या, जांभळ्या रसायनाच्या डिस्क असतात, छापील डिस्कपेक्षा आधी मरतात.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

डिस्कला फारसं होत नाही, कागदाला होतं. कव्हर डबीच्या प्लास्टिकला चिकटतं, पुस्तिकेवर पिवळे ठिपके पडतात. कोकणात, मुंबईत असाल तर कपाट बाहेरच्या भिंतीला लावू नका. सिलिका जेलच्या पुड्या कप्प्यात ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात कपाट उघडं टाका. डिस्कना ऊन नको, कपाटाला हवं. डब्या उभ्या ठेवा. पुसायचं झालं तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे, गोल गोल कधीच नाही. व्हीएचएस कॅसेट असतील तर खिडकीतून आत बघा, टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका. ती बुरशी. एक कॅसेट प्लेअर बिघडवते आणि तो प्लेअर पुढच्या सगळ्या कॅसेट.

कपाट कसं लावता?

दिग्दर्शकाचं आडनाव, देवनागरी वर्णक्रमाने, आणि आत प्रदर्शनाच्या वर्षाने. कुरोसावा ‘क’मध्ये, राय ‘र’मध्ये. वाँग कार-वायचं आडनाव वाँग, म्हणून तो ‘व’मध्ये. बायको म्हणते रंगाने लाव, निदान बरं दिसेल.

एखादी बघायला नेऊ का?

इथे बसून बघा. चहा करतो.

आमच्याकडे जुन्या डिस्क पडून आहेत. आणून देऊ?

जरूर. कव्हर नसलं तरी चालेल, ओरखडे असले तरी चालेल, बॉलपेनने कोणाचं नाव घातलेलं असलं तरीही. आणि ‘शेजारी’ची डबी दिसली, आत एकच डिस्क असली, तर ती पहिली की दुसरी तेवढं फोन करून सांगा.